जाडं दळण

सुपडाबाई गेली तो गुरुवार होता,
म्हणजे वीज दुपारी तीनला आली.
एवढं मी नक्की सांगतो, कारण गिरणी माझी आहे
आणि विजेचं वेळापत्रक मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पाठ.

बाकीचं दोंडाईचा सांगतं.

पहिल्या दिवशी ती नुसती 'दिसली नाही'.
दुसऱ्या दिवशी शहादा रस्त्याच्या नाल्यापाशी चप्पल सापडली,
डाव्या पायाची, अंगठा तारेनं शिवलेला,
आणि दिवेलागणीपर्यंत ती 'उचलून नेली' झाली.

मग गाव मिरचीच्या पथारीवर बसलं.
देठं खुडता खुडता सगळ्यांचेच डोळे वाहत होते,
त्यात कोणाचे तिच्यासाठी, कसं ओळखावं?

हिलाल टेलर म्हणाला, पुतण्या. अडीच बिघे, रस्त्याला लागून.
उखा पेंटर म्हणाला, ती पायाळू होती,
गाडलेलं धन काढायला पायाळूच लागतो, आणि परवा अमावस्या.
पायाळू होती हे त्याला कोणी सांगितलं?
सुईण जाऊन पन्नास वर्षं झाली.
आम्हाला एवढंच ठाऊक होतं की वरची तीन भावंडं गेली
म्हणून हिला जन्मतः सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढलं होतं,
आणि मरण फसलं होतं.

सुरतेहून लेक आला. स्टेशनाबाहेरच त्याला घेरलं.
तो म्हणाला, "मला न्यायचीच असती
तर अकरा वर्षं आधी नेली नसती का?"
कोणाला उत्तर सुचलं नाही.
चहा येईपर्यंत सुचलं:
बघा कसा बोलतो. आईसाठी डोळ्यात टिपूस नाही.

आणि गाडी.
गाडी पांढरी होती, हे आता पोरंसुद्धा सांगतात.
काळ्या काचा, गुजरातचा नंबर,
आत कोणीतरी "वं माय" म्हणून ओरडलं.

पांढरी हे पहिल्यांदा मी म्हणालो.
हवालदारानं विचारलं, तीननंतर गाडी गेली का इथून?
गाड्या जातातच.
रंग?
त्याची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, थांबून होती,
मला तिची लाज वाटली.
"पांढरी असेल," मी म्हणालो.
त्यातला 'असेल' बस स्टँडपर्यंत पोचेस्तोवर गळाला.

सोमवारी शिरपूर चौफुलीवर पांढरी गाडी अडवली.
नवापूरचा बांगडीवाला. तीन टाके पडले,
रस्ताभर काच.
मी तेव्हा दळत होतो.
गिरणी चालू असली की काही ऐकू येत नाही,
हा या धंद्याचा एक फायदा.

जे कोणी विचारलं नाही ते असं:
गुरुवारी सकाळी ती डबा ठेवून गेली,
बिस्किटांचा, चौकोनी.
नाव लिहिता येत नाही म्हणून झाकणावर खिळ्यानं एक सूप कोरलेलं.
आत ज्वारी, उडीद. कळण्याचं.
"जाडं दयजो, भाऊ. सांजले लई जासू."

कायमचं निघालेलं माणूस दळण टाकत नाही.
किंवा टाकतं,
आपण निघालोय हे स्वतःलाही कळू नये म्हणून.
दोन्ही मी रात्री पलटून पलटून पाहिलं.
सांगितलं तर गावाला पुरावा मिळेल,
पुराव्याला गाडी लागेल,
गाडीला कोणीतरी चालवणारा.
आणि इतके दिवस का दडवलं, हेही विचारतील.
खरं म्हणजे हेच आधी.

दळलंय मी. जाडंच.
पहिल्या रात्री डब्यात हात घातला तर पीठ कोमट होतं,
अंग चेपून ठेवल्यासारखं.
आज बाराव्या दिवशी झाकण उघडलं
तर एक पाकोळी उडाली आणि बल्बला जाऊन चिकटली.

बाया रांगेत डबे सरकवतात.
कोणीतरी विचारतं, हा कोणाचा मध्येच?

"सांजले येई," मी म्हणतो
आणि पट्टा चढवतो.